आशा कशाची धरावी?

वैष्णवहो, आमच्या शास्त्रांत ‘आशा’ ही बहुतेक ठिकाणी दुर्गुणांच्या पंगतीला बसलेली दिसते. कोणी तिला बेडी म्हटले, कोणी नदी म्हटले, कोणी पिशाच्च म्हटले. गीतेत तर ‘निराशी’ हा स्तुतीचा शब्द आहे. जो निराशी झाला तो कर्म करूनही लिप्त होत नाही. पाठशाळेत गुरुजींपुढे बसून आम्ही हे घोकले आणि पुढे चाळीस वर्षे कीर्तनातून तेच सांगत आलो. मराठीत मात्र ह्याच शब्दाचे काय झाले पाहा. ‘निराश’ म्हणजे हातपाय गाळून बसलेला, ज्याची कीव करावी असा माणूस. संस्कृतात ज्याला पाट मांडला त्याला मराठीने उंबऱ्याबाहेर बसविले!

हा प्रश्न आमच्या डोक्यात घोळू लागला तो ख्रिस्ती शेजाऱ्यांमुळे. सप्ताहाच्या आणि दशक्रियेच्या निमित्ताने आमचे अंधेरी-बोरिवलीकडे आणि इकडे घाटकोपर-मुलुंडकडे सारखे जाणेयेणे असते. ह्या सर्व भागांत ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. त्यांच्या धर्मात विश्वास, आशा आणि प्रीती हे तीन मुख्य गुण मानले आहेत. म्हणजे आशा तेथे गुण आहे. आणि तोही प्रेताजवळ उभे राहून धरावयाचा गुण. तेव्हा पूर्वपक्ष असा उभा राहतो की, ज्या वस्तूला आम्ही बेडी म्हणतो तिलाच हे लोक मरणाच्या वेळची काठी म्हणतात. तर दोघांपैकी एकाची काही चूक आहे, की दोघे दोन निरनिराळ्या वस्तूंविषयी बोलत आहेत?

कोणी म्हणेल, बुवा, वारकऱ्यांच्या मासिकात ख्रिस्ती धर्माची चर्चा कशाला? त्याला आमचे उत्तर एवढेच की, मरण कोणत्या धर्माचे हे अजून कोणी ठरविलेले नाही. शिवाय उपनगरांतले हे ख्रिस्ती परके नव्हेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली साष्टीतल्या कोळी, आगरी, कुणबी, भंडारी कुळांनी हा धर्म घेतला. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७ साली धारण केले. पण घरात बोली राहिली ती मराठीच, अंगावर लुगडे राहिले ते मराठीच. बोरिवलीजवळ मंडपेश्वरची लेणी आहेत. तेथे नटराजाचे शिल्प आहे, आणि त्याच लेण्यात एका भिंतीवरचे मूळ शिल्प तासून त्यावर क्रूस कोरलेला आहे. वर टेकाडावर पोर्तुगिजांनी बांधलेल्या वास्तूचे पडके अवशेष आहेत. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज गेले. ज्याने शिल्प तासले त्याने बरे केले असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या भांडणाचा आजचा विषय नाही. देऊळ कोणाचे हा वाद जिवंत माणसांचा असतो. आम्हांस बोलावयाचे आहे ते मरणाऱ्यांविषयी.

अंधेरीला मरोळच्या बाजूस सीप्झ नावाचा निर्यात-उद्योगांचा मोठा आवार आहे. हजारो माणसे तेथे रोज कामाला जातात. त्या आवारात झाडीत एका चर्चच्या उघड्या भिंती उभ्या आहेत. जेसुइटांनी १५७९ साली ते बांधले. १८४० साली गावात साथ आली, माणसे मेली, उरलेल्यांनी गाव सोडला आणि मरोळला दुसरे चर्च उभारले. जुन्याचे छप्परही गेले. पण वर्षातून एकदा, मे महिन्यात, लोक त्या पडक्या भिंतींत जमतात आणि उपासना करतात. साथीत जे मेले त्यांचे नाव सांगणारा तेथे आज कोणी नाही, तरी जमतात. आम्हांस हे आपल्या वारीसारखे वाटते. आपण तरी कोणासाठी चालतो? ज्यांनी पहिली वाट पाडली त्यांची नावे कोठे ठाऊक आहेत?

तसेच ते प्लेगचे क्रूस. वांद्र्यापासून पुढे उपनगरांतल्या गावठाणांत गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रूस दिसतात. संध्याकाळी कोणी तेथे मेणबत्ती लावते, कोणी झेंडूची माळ घालते. त्यांतले पुष्कळ १८९६-९७ च्या प्लेगातले. त्या साथीचे पहिले निदान सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस ह्या गोमंतकीय ख्रिस्ती डॉक्टरांनी केले. मग मुंबई पळू लागली. आमच्याकडच्या लोकांनी मरीआईला बोकड कबूल केले, ह्यांनी क्रूस उभारले. आता क्रूस उभारला म्हणून प्लेग हटला असे कोणी सांगू लागला तर ते खरे नव्हे. प्लेग पुढे वर्षानुवर्षे येत राहिला, आणि क्रूस उभारणाऱ्यांच्या घरांतलीही माणसे गेली. नवस म्हणून पाहिले तर तो फसलेला नवस. आणि फसलेल्या नवसाच्या दगडाला कोणी सव्वाशे वर्षे माळ घालीत नाही. म्हणून आम्ही म्हणतो की त्या क्रूसाजवळची आशा ही फळाची आशा नव्हती, किंवा होती तरी फळ न मिळाल्यावर ती दुसऱ्या कशात तरी पालटली. ते ‘दुसरे काही’ कोणते, हे शोधावयाचे आहे.

मरोळच्या गावठाणातली एक वृद्ध बाई आमच्या ओळखीची होती. तिच्या शेजारच्या वारकरी घरी आम्ही दरवर्षी जात असू, तेव्हा ती ओट्यावर येऊन बसे आणि कीर्तन संपेपर्यंत हलत नसे. तिला सर्व ‘बाय’ म्हणत. तिचा एकुलता मुलगा ऐन तिशीत रूळ ओलांडताना लोकलखाली सापडून गेला होता. पुढे बायला कर्करोग झाला. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितले. शेजाऱ्यांबरोबर आम्ही भेटावयास गेलो. बाय खाटेवर उशाला टेकून बसली होती. पुरताना नेसवावयाचे लुगडे तिने स्वतः धुऊन, घडी करून उशाशी ठेविले होते, आणि ते सुनेला पुन्हा पुन्हा दाखवीत होती. आम्हांस पाहून म्हणाली,

“बुवा, बरं झालं आलात. एक विचारायचं होतं. तुमच्यात मेलेला माणूस परत जन्माला येतो ना?”

आम्ही म्हटले, “येतो, असे शास्त्र सांगते, बाय.”

“मग तुमचा पोरगा गेला, आन् दुसऱ्या कुणाच्या घरी जन्माला आला, तर तुम्ही मेल्यावर तो तुम्हांला भेटल कसा? तो तर खाली दुसऱ्या आईच्या मांडीवर असल.”

खोलीतली माणसे हसली, बायही हसली. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. महाभारतात दृष्टान्त आहे, समुद्रात दोन ओंडके लाटांनी जवळ येतात आणि लाटांनीच दूर होतात, तशा प्राण्यांच्या गाठीभेटी. दृष्टान्त निर्दोष आहे. तथापि तो ओंडक्यांना लागू पडतो तसा आईला पडत नाही. निदान उशाशी लुगडे ठेवलेल्या आईला तो सांगवत नाही. आम्ही म्हटले, “बाय, आमचा विठोबा आई आहे. विठाई म्हणतो आम्ही त्याला. आईच्या घरी कोणी कोणाला चुकत नाही.” ती थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “हां. तसं असल तर तसं. मी तर त्याला भेटनारच.” पुढच्या पंधरवड्यात ती गेली. पाद्री आले, मराठीत प्रार्थना झाली, बायका मोठ्याने रडल्या. दर २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, ती मुलाच्या कबरीवर मेणबत्ती लावावयास जात असे; आता सून दोन मेणबत्त्या लावते.

बायका रडल्या, हे आम्ही मुद्दाम लिहिले. काही शहाणे म्हणतात, पुनरुत्थानावर एवढा विश्वास, तर रडता कशाला? हाच टोमणा आपल्यालाही ऐकावा लागतो: आत्मा अमर, तर सुतक कशाचे? बायबलात लाजरसाची कथा आहे. लाजरस मेला, चार दिवस झाले, येशू त्याच्या कबरीपाशी आला. त्याला उठवावयाचे हे येशूला ठाऊक होते. तरी बहिणींचे रडणे पाहून तो स्वतः रडला. पुढचे सर्व ठाऊक असणाऱ्याने रडावे, ह्यात ख्रिस्ती आशेचे मर्म आहे असे आम्हांस वाटते. आशा अश्रू पुसून टाकीत नाही, त्यांना जागा देते. आणि हे आपल्याला नवे नाही. शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीस ज्ञानोबांनी समाधी घेतली. ते मरण नव्हे, संजीवन आहे, हे नामदेवरायांना कोणी शिकवावयास पाहिजे होते काय? तरी त्या समाधीच्या अभंगांत नामदेव असे रडले आहेत की आजही आळंदीत ते प्रकरण लागले म्हणजे टाळकऱ्यांचे हात थांबतात.

आणखी एक. लाजरस उठला खरा, पण पुढे केव्हातरी तोही मेलाच. गोरोबाकाकांचे तान्हे मूल चिखलात तुडवले गेले आणि कीर्तनात परत मिळाले. ही कथा आम्ही सांगतो, श्रोते डोळे पुसतात. परंतु समोर जिचे मूल परत आलेले नाही अशी आई बसलेली असते. तिला त्या कथेचा अर्थ काय सांगावा? ‘तुझी भक्ती कमी पडली’ हा अर्थ जो काढील त्याने वीणा गळ्यातून उतरून ठेवावी. परत आलेले मूल ही खूण आहे, दर नव्हे. एवढी भक्ती दिली की एवढे मूल मिळते असा तो बाजारभाव नव्हे.

येथे प्रारब्धाचा प्रश्न येतो आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. दुःख का आले, ह्याला आमच्याकडे तयार उत्तर आहे: पूर्वकर्म. ब्रह्मसूत्रांत वैषम्यनैर्घृण्य अधिकरण आहे. जगात एक सुखी, एक दुःखी. तेव्हा ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो, ही शंका. उत्तर: ईश्वर जीवांच्या कर्माच्या अपेक्षेने सृष्टी करतो, म्हणून दोष त्याच्याकडे येत नाही. सिद्धान्त म्हणून आम्ही तो मानतो. पण तो कोणासाठी लिहिला आहे हे विसरू नये. ईश्वरावरचा आरोप काढण्यासाठी ते अधिकरण आहे. रोग्याच्या उशाशी बसून त्याच्यावर आरोप ठेवण्यासाठी नाही. मुलाच्या प्रेताजवळ बसलेल्या बापाला ‘गेल्या जन्मीचे काही असेल’ असे सांगणारे शेजारी आम्ही प्रत्येक चाळीत पाहिले आहेत. शास्त्राचे नाव घेऊन केलेली ती क्रूरता आहे. कर्मसिद्धान्त स्वतःच्या दुःखाला लावावा, तेव्हा तो सोसण्याचे बळ देतो. तोच दुसऱ्याच्या दुःखाला लावला की दगड होतो.

ख्रिस्ती ग्रंथांतही हे शेजारी आहेत! ईयोब नावाचा सज्जन, त्याची गुरेढोरे गेली, मुलेबाळे गेली, अंगभर गळवे आली. मित्र आले; पहिले सात दिवस गप्प बसले, तेवढेच काय ते शहाणपण. मग बोलू लागले: तू काही पाप केले असशील, देव अन्याय करीत नाही. देवाची वकिलीच ती. ईयोब मात्र देवाशी भांडत राहिला. शेवटी देव प्रकटला तेव्हा तो वकिलांवर रागावला आणि भांडणाऱ्याला खरे बोलणारा म्हणाला. ही कथा प्रथम वाचली तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. आणि नव्या करारात तर आपलाच प्रश्न आहे. एक जन्मांध मनुष्य दिसला. शिष्यांनी येशूला विचारले, ह्याने पाप केले की ह्याच्या आईबापांनी? पाहा, जन्मतःच आंधळा आणि पाप त्याचे, असे म्हणावयाचे तर पूर्वजन्मच आला! येशूने दोन्ही नाकारले आणि त्या माणसाला दृष्टी दिली. कारण शोधण्याचे त्याने सोडले आणि हात चालविला. वैद्य आणि नैयायिक ह्यांत फरक असावयाचा तो हाच.

आता ह्या आशेची खरी परीक्षा झाली तो प्रसंग सांगतो. तो आमच्या धंद्यातल्याच एका घराचा आहे, म्हणून अधिक लागतो.

अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न पंडित, परमवैष्णव. लोकांचा विरोध सोसून त्यांनी बायकोला संस्कृत शिकविले. गंगामूळच्या रानात आश्रम केला. तेथे १८५८ साली रमाबाई जन्मली. पुढे द्रव्य संपले तेव्हा सर्व कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. देवळात बसावे, पुराण सांगावे, श्रोते जे ठेवतील त्यावर राहावे. म्हणजे आमचेच जिणे. मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळ होते नव्हते ते देवाब्राह्मणांच्या कारणी लागले होते. व्रते केली, अनुष्ठाने केली, मूर्तींपुढे बसून राहिले. शास्त्रीबुवा म्हातारे, दृष्टी गेलेली. १८७४ साली ते गेले. जाताना त्यांनी धाकट्या मुलीला अशक्त हातांनी जवळ धरून देवाची सेवा कर म्हणून सांगितले. मागोमाग आई गेली, थोरली बहीण गेली. उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघे पायी चालत चालत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथल्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. १८८० साली भाऊ गेला. लग्न झाले, मुलगी झाली, आणि १८८२ साली पटकीने नवरा गेला. पंचवीस वर्षे पुरी होण्यापूर्वी एवढी मरणे! १८८३ साली इंग्लंडात तिने बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी पुण्यात काय गदारोळ झाला तो सर्वांस ठाऊक आहे. अन्नासाठी बाटली, असेही काही म्हणाले. हे साफ खोटे. उपाशी होती तेव्हा ती बाटली नव्हती. बाटली तेव्हा तिच्या नावाचा देशभर डंका होता. खरा प्रश्न आम्हां पुराण सांगणाऱ्यांनी स्वतःला विचारावयाचा आहे. आयुष्यभर भागवत सांगणारा मनुष्य देवळाच्या आवारात उपाशी मरतो, आणि त्याच्या मुलीला त्या भागवतात आपल्या भुकेला जागा सापडत नाही, ती दुसऱ्या एका ग्रंथात सापडते. हे कसे झाले?

तुकोबांचे पाहा. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला, दुकान बुडाले, अब्रू गेली. भूक तीच. पण तुकोबा विठोबाला सोडून गेले नाहीत. उलट खतांचे कागद इंद्रायणीत सोडून भंडाऱ्यावर जाऊन बसले. आमच्या समजुतीप्रमाणे भेद येथे आहे. अनंतशास्त्र्यांच्या घरी जो धर्म होता त्यात अनुष्ठान होते, फळ होते, आणि फळ न आले तर अनुष्ठानात काही न्यून राहिले असा हिशेब होता. देवाशी भांडावयास त्यात जागा नव्हती. वारकऱ्याला ती जागा आहे. नामदेव त्याच्याशी भांडले, जनाबाईने त्याला शिव्या दिल्या, तुकोबांनी त्याला मेल्यात जमा करावयासही कमी केले नाही. ज्याच्याशी भांडता येते तो दुष्काळातही घरचा राहतो. आणि रमाबाईंना ख्रिस्तात काय सापडले? आपण अनाथ असताना देव दूर वर बसलेला नसून स्वतः क्रूसावर टांगलेला आहे. आणि तेथे तोही, आपल्याला का टाकले, असे आक्रोशून विचारतो. म्हणजे भांडण तेथे देवाच्या मुखीच घातले आहे. तुकोबा रमाबाईंच्या वाट्याला वेळेवर आले असते तर काय झाले असते, ह्याचा तर्क करणे व्यर्थ. ते आले नाहीत, ह्याची लाज मात्र आम्हां हरिदासांकडे राहते.

चोखोबांची आठवण येथे टाळता येत नाही. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले होते, ती भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांसह गाडले गेले. जनीचे जाते ओढणारा विठोबा ती भिंत धरावयास आला नाही. का आला नाही, हे कोणत्याही टीकाकाराने सांगितलेले नाही. नामदेवराय गेले, ढिगाऱ्यातून विठ्ठलनाम ऐकू येणारी हाडे त्यांनी वेचली आणि पंढरीत महाद्वारापुढे समाधी दिली. ज्याला जिवंतपणी उंबरा ओलांडू दिला नाही त्याची हाडे आज प्रत्येक वारकऱ्याच्या वाटेवर आहेत. क्रूसापुढे उभे राहून लोक म्हणाले होते की, देवाचा पुत्र आहेस तर खाली उतर. तो उतरला नाही, आणि भिंत थांबली नाही. तारण म्हणजे भिंत थांबणे एवढेच असेल तर दोन्ही कथा अपयशाच्या आहेत.

रमाबाईंच्या आशेने पुढे काय केले ते सांगितले पाहिजे, कारण आशा हातांत उतरली की नाही ह्यावरच ती ओळखावी. १८८९ साली मुंबईत शारदा सदन. पुढे केडगावास मुक्ती. १८९६-९७ च्या दुष्काळात ती स्वतः मध्य प्रांतात गेली आणि उपाशी पोरीबाळी शेकड्यांनी घेऊन आली. जिची आई अन्नावाचून गेली तिने हे केले. त्यानंतर हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळ्या बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करावयास बसली. संस्कृतप्रचुर मराठी तिला हातचा मळ होता, पण अडाणी बायांना समजावे म्हणून तिने तो धुऊन टाकला. जुलै १९२१ मध्ये तिची एकुलती मुलगी मनोरमा, जिच्यावर मुक्तीचा पुढचा सर्व भार टाकावयाचा होता ती, वारली. आई साठी उलटलेली, कानांनी अधू. ती कामावर बसली. भाषांतर हातावेगळे झाले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी ती गेली. मुलगी गेल्यापासून नऊ महिनेही पुरे झाले नव्हते.

मतभेद आहेत ते झाकावयाचे नाहीत. एकच जन्म आणि त्यावर सदाचा निवाडा, हे आमच्या बुद्धीला पटत नाही. चार दिवसांत मेलेल्या बालकाने काय मिळविले वा गमाविले, ह्याचा उलगडा त्यात नीट होत नाही. अनंतकाळचा नरक तर आईपण मानलेल्या देवाला शोभत नाही. तसेच तारणाची वाट एकच, हे म्हणणे. उलट त्यांनाही आमचे चौऱ्याऐंशी लक्ष योनींचे चक्र आशेच्या विरुद्ध वाटते. पण येथे वारकऱ्याची गोष्ट वेदान्त्याहून जरा निराळी आहे, हे त्यांना सांगावयास हवे. वारकरी मोक्ष मागतच नाही. गर्भवास पत्करला, पण संतसंग आणि नाम असू दे, असे तो मागतो. चक्रातून सुटण्याची घाई ज्याला नाही त्याला चक्राचे भय काय?

आणि येथे आम्ही पुन्हा शब्दाकडे येतो. संस्कृत ‘आशा’ शब्दाचा दुसरा एक अर्थ कोशात आहे, तो म्हणजे दिशा. मराठीने त्याच शब्दापासून ‘आस’ केली. आशा फळाची असते, आस माणसाची असते. पिकाची आशा, नोकरीची आशा, बरे होण्याची आशा. पण माहेरची आस, लेकाची आस, पंढरीची आस. पहिली पुरी झाली नाही की मनुष्य निराश होतो. दुसरी पुरी होवो न होवो, तोंड त्या दिशेला राहते. शास्त्राने जिला बेडी म्हटले ती पहिली. मरोळची बाय उशाशी लुगडे ठेवून बसली होती ती दुसरी. बरे होण्याची आशा तिने केव्हाच सोडली होती. त्या अर्थी ती गीतेतली निराशीच म्हणावयाची! आणि आमचे म्हणाल तर, अठ्ठावीस युगे विटेवर कर कटीवर ठेवून उभा आहे तो कोणाच्या आसेने? देवालाच आस आहे असे मानणारा आमचा पंथ, तो दुसऱ्याच्या आसेला नावे कशी ठेवील?

२०२० सालची गोष्ट वाचकांच्या स्मरणात असेल. त्या वर्षी १२ एप्रिलला ईस्टर आला आणि उपनगरांतली चर्चे बंद होती. १ जुलैला आषाढी आली. पादुका एसटीतून पंढरपुरास गेल्या आणि वारकरी घरी बसले. कित्येकांना आपल्या माणसाचे तोंडही पाहावयास मिळाले नाही. ना खांदा, ना मूठभर माती. त्या दिवसांत फोनवर आम्हांस पुष्कळांनी विचारले, बुवा, क्रिया नीट झाली नाही, आता त्याचे कसे होईल? आम्ही शास्त्रातला आपद्धर्म सांगितला, आणि मग विचारले, तो गेला तेव्हा तुमचे तोंड त्याच्याकडे होते ना? बहुतेक जण रडत हो म्हणत.

नारायण वामन टिळकांचे नाव घेतल्यावाचून हे पुरे होत नाही. मूळचे कोकणातले ब्राह्मण, १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. टाळ-मृदंग घेऊन कीर्तने करीत. येशूचे चरित्र ओव्यांत गावे म्हणून ‘ख्रिस्तायन’ आरंभिले. दहाएक अध्याय झाले, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. शाळा अशी त्यांना नव्हतीच. लिहावयास शिकल्या त्या संसारात. नवऱ्याने धर्म सोडला तेव्हा पाच वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, रडल्या, भांडल्या, मग स्वतः विचार करून १९०० साली त्या वाटेने गेल्या. टिळक गेल्यावर ती अर्धी पोथी त्यांच्याकडे राहिली. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या ह्या बाईने ती उघडली आणि नवऱ्याने जेथे सोडले होते तेथून पुढे ओव्या रचावयास घेतल्या. चौसष्ट अध्याय रचले. १९३६ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या, आणि १९३८ साली दोघांचे मिळून ‘ख्रिस्तायन’ छापून निघाले.